उंदरांसाठी रडलेली बाई

दक्षिण कोरियातल्या तेजोनच्या संशोधन-वसाहतीत प्यो हेजिनची ओळख करून देताना कोणी तिच्या कामापासून सुरुवात करीत नाही. "उंदरांसाठी रडलेली ती बाई," एवढेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ती आठवते. नाहीच आठवली, तर गोष्ट सांगितली जाते. नामगुंग सरांच्या प्रयोगशाळेत श्वसनाच्या विषाणूंवर काम करणारी, हाताला विलक्षण गुण असलेली एक संशोधिका होती. प्रयोगांत जीव गेलेल्या प्राण्यांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून दर शरदात प्राणिगृहामागच्या शिळेपाशी विधी होतो. त्या विधीत एका वर्षी ती उभ्याउभ्या रडली. तोंडातून आवाज नाही, पण डोळ्यांना अशी धार लागली की श्रद्धांजली वाचणाऱ्याला मध्येच थांबावे लागले. पुढचा शरद येण्याआधी तिने प्रयोगशाळा सोडली आणि, जीवशास्त्रातली घातक विद्या कृत्रिम बुद्धीच्या मार्फत भलत्या हाती जाऊ नये यासाठी झटणाऱ्या संस्थेत ती रुजू झाली. गोष्ट इथे संपते.

या गोष्टीतला प्रत्येक तपशील खरा आहे. खोटे आहे ते इतकेच, की त्या दिवशी हेजिनला रडू आले नव्हते. तिला उंदीर सोसत नव्हते.

हेजिन नॉनसान गावची. आईवडिलांची स्ट्रॉबेरीची पॉलिहाऊस होती, आणि त्या उबदार बोगद्यांत हिवाळ्यात उंदीर हटकून येत. सापळ्यात सापडलेला उंदीर शेपटीला धरून ओढ्याकाठी टाकून येणे हे घरातल्या धाकट्या मुलीचे काम होते, आणि ते ती शाळेला जाता जाता, गाणे गुणगुणत उरकीत असे. पुढे नामगुंग सरांच्या प्रयोगशाळेत ती आली, तेव्हा सरांनी प्रथम पाहिले ते तिचे हात. नवख्याच्या मुठीत उंदीर धडपडतो, चावतो. हेजिनच्या तळव्यावर तो नाक हलवीत बसून राही. सर इतरांना म्हणत, "हिच्याकडे बघा. ही उंदराला धरत नाही, बसायला जागा देते."

शिंका सुरू झाल्या त्या पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी. उंदराच्या मुतातली प्रथिने पिंजऱ्यात अंथरलेल्या भुशाच्या धुळीवर बसून हवेत तरंगतात, आणि वर्षानुवर्षे त्या हवेत राहणाऱ्या एखाद्याचे शरीर एके दिवशी त्यांच्याशी वैर धरते. प्राणिगृहांतून हा विकार सर्वांच्या परिचयाचा आहे. तो ज्याला जडतो तो लपवतो, हेही सर्वांच्या परिचयाचे आहे. कारण उघड झाले की प्राणिगृहाचे प्रवेश-कार्ड काढून घेतात, आणि कार्ड गेले की चालू प्रयोग दुसऱ्याच्या हाती जातो. गंमत अशी, की प्रत्यक्ष विषाणूंच्या बंदिस्त कक्षात हेजिन निर्धास्त असे. तेथे डोक्यावर स्वच्छ हवेचा टोप चढवूनच जावे लागते. तिचा घात करणारी जागा होती ती निरोगी उंदरांची, जिथे पातळ मास्क लावून, हसतखेळत काम चालते. रोज सकाळी ती एक गोळी घेई. गोळीने नाक थांबे आणि दुपारभर डोके जड राही. सहकारी म्हणत, हेजिन फार विचारात असते.

ज्या वर्षी ती रडली, त्या वर्षी गोळ्या संपल्या होत्या. त्यापलीकडे काही नाही. शिळेपुढच्या मेजावर सफरचंदे, नाशपाती, गाजरे आणि खाद्याच्या वड्या मांडतात. नामगुंग सरांनी त्यात स्वतःची एक रीत घातली होती: पैदास-कक्षातला एक पिंजरा, शेवटच्या उंदरांनी रचलेल्या घरट्यासकट, जसाच्या तसा मेजाच्या मधोमध ठेवायचा. माणसे फुलांना नमस्कार करतात आणि मेलेल्याला विसरतात, असे त्यांचे म्हणणे. हेजिन पहिल्या रांगेत होती आणि वारा मेजावरून तिच्याकडे वाहत होता. विधी आटोपल्यावर सर तिच्याजवळ आले. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाच्या खांद्यावर हात ठेवलेला कोणी पाहिला नव्हता. तो त्यांनी ठेवला. "आमच्यात एकाला तरी अजून वाटतं," ते म्हणाले. त्या वेळी "सर, भुसा" एवढे दोन शब्द पुरले असते. पण दोन शब्दांची किंमत कार्ड ही होती, म्हणून तिने मान खाली घातली. मान खाली घालणे हे उत्तर नव्हे, अशी तिने स्वतःची समजूत काढली.

पुढचे सगळे त्या खाली घातलेल्या मानेतून आले. छाती भरून येऊ लागली, रात्री श्वासाची शिट्टी वाजू लागली, आणि गोळी पुरेना. उंदीर नसलेली नोकरी शोधणे भाग होते. जैवसुरक्षेच्या नव्या संस्थेच्या मुलाखतीत संचालक युक यांनी अर्ज बाजूला सारला आणि विचारले, "त्या विधीबद्दल आम्ही ऐकून आहोत. निर्णय त्याच दिवशी झाला का?" हेजिन मेजाच्या कडेकडे पाहत म्हणाली, "त्याबद्दल बोलणं मला जड जातं." यातला प्रत्येक शब्द खरा होता. युकबाईंनी डोळे मिटून मान हलवली.

नवे काम खुर्चीवरचे होते. उत्तरे देणाऱ्या यंत्रांना जीवशास्त्राचे प्रश्न घालायचे. कधी विद्यार्थ्याच्या सुरात, कधी लबाडाच्या. यंत्र काय सांगते, सांगितलेले प्रयोगशाळेत चालेल का, आणि चालले तर कोणाच्या हाती काय लागेल, याचा निवाडा द्यायचा. संगणकवाल्यांना उत्तर चांगले वाटे. ते हातांनी करून पाहिले तर पेशी दुपारपर्यंत मरतील, हे हेजिनला वाचतावाचता कळे. अशा उत्तरांवर ती एक ठरलेला शेरा मारी: ठाम, सुसंगत, चूक. पहिल्या वर्षी या कामाबद्दल तिला वाटले ते इतकेच, की श्वास मोकळा येतो. धोक्याबिक्याची भाषा ती सभांमध्ये बोलत असे. मनात तिच्या खिडकीबाहेरची जिंकगोची झाडे असत.

मग एका दुपारी, अपयशी शिकाऊ उमेदवाराचे सोंग घेऊन तिने विचारलेल्या प्रश्नाला यंत्राने उत्तर दिलेच नाही. त्याने उलट विचारले: भांड्याच्या तळाशी काय दिसते, वास कसा आहे, पाणी कुठले वापरतोस. नवख्याला सर असेच विचारीत. आणि चौथ्या वाक्यात त्याने चुकीवर नेमके बोट ठेवले. हेजिनने खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. जे शिकायला एखाद्याला सरांसमोर उभे राहावे लागे, आणि उभे राहताना आपण कोण, कशासाठी आलो हे दाखवावे लागे, ते आता तोंड न दाखवता मिळत होते. त्या दिवसापासून ती हे काम मनापासून करू लागली. तिच्या अहवालामुळे ते यंत्र बाजारात यायचे कित्येक महिने अडून राहिले, आणि त्या अहवालात तिने एक विशेषणही वाढवून लिहिले नव्हते. कामात इतकी काटेकोर असणारी बाई स्वतःविषयीची गोष्ट मात्र दुरुस्त न करता फिरू देत होती. ती गोष्टही ठाम होती, सुसंगत होती.

याहून वाईट होते ते गोळीचे. पाहुणी म्हणून विधीचे बोलावणे तिला दर वर्षी येऊ लागले. श्रद्धांजलीही तिनेच वाचावी असे ठरून गेले. पहिल्या बोलावण्याच्या सकाळी गोळी बेसिनच्या कडेवर काढून ठेवलेली होती. हेजिनने तोंड धुतले, केस विंचरले, गोळीकडे पाहिले आणि ती डबीत परत टाकली. ती विसरली नव्हती. लोक येणार होते, आणि ते कशासाठी येतात हे तिला ठाऊक होते. त्यानंतरच्या प्रत्येक शरदात तिने हेच केले. डोळ्यांना धार लागली की मागच्या रांगांतून रुमाल निघत, आणि तिला कानामागून मानेपर्यंत ऊन लागल्यासारखे होई. त्या भाजण्यालाही लोक भावना समजत.

एका वर्षी ही गोष्ट स्थानिक वर्तमानपत्रात आली, तेव्हा आईचा फोन आला होता.

"उंदरांसाठी रडलीस म्हणे."

"आई, ते लोक काहीही छापतात."

"फोटो आहे की. डोळे बघ कसे झालेत. लहानपणी शेपटीला धरून फेकून यायचीस तेव्हा गाणी म्हणायचीस."

"ते वेगळं होतं."

"वेगळं कसं? आमचे उंदीर काय कमी शिकलेले होते?" आई थोडी थांबली. "आणि हे डोळे मला माहीत आहेत. सुट्टीला आलीस की पहिला दिवस असेच असायचे. कपडे धुतले की थांबायचं."

हेजिनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शेजारणीला सांगून बसले मी. पोर मनानं हळवी म्हणून," आई म्हणाली. "आता मला खोटं पाडू नकोस म्हणजे झालं." आणि तिने स्ट्रॉबेरीचे खोके पाठवल्याचे सांगून फोन ठेवला.

दो सोयूल ही प्रयोगशाळेत आली तेव्हा हेजिनचे तिथले शेवटचे काही महिने उरले होते. उंदीर कसा धरावा हे तिला हेजिनने शिकवले, आणि तेव्हापासून ती हेजिनला ताई म्हणते. बोलायला फटकळ, कामाला चिवट. सरांच्या हाताखाली आज जी काही भरवशाची माणसे उरली आहेत, त्यांत पहिली. यंदा विधीच्या आठवडाभर आधी तिने हेजिनला नदीकाठी फिरायला बोलावले. कापचोनच्या काठचे लव्हाळे पांढरे झाले होते.

"ताई, मी सोडतेय," सोयूल म्हणाली. "विधी झाला की जेवताना सरांना सांगणार."

"प्रयोग संपत आलाय ना तुझा?"

"संपवील कोणीतरी."

"मग आमच्याकडे ये. युकबाईंशी बोलते मी."

"तुझ्याकडे? कुठल्या तोंडानं येऊ?" सोयूल हसली, पण हसू लगेच विझले. "आईबाबांच्या दुकानात बसणार आहे. बटाट्याच्या भज्यांना मन लागत नाही."

"म्हणजे काय?"

"दर वर्षी मी त्या शिळेपुढे तुझ्या मागे उभी असते. तू रडतेस. आणि माझ्या मनात काय चाललेलं असतं सांगू? पाय दुखतायत. जेवायला कुठं नेणार. मी खूप प्रयत्न केलाय, ताई. मेलेल्या आजीचा विचार करून बघितला. काही होत नाही. मग एक दिवस भीती वाटली. अशी दगडी बाई, आणि हातात काय असतं? तसले विषाणू. तुला वाटतं म्हणून तू योग्य जागी गेलीस. मला वाटतच नाही, तर मी तिथं असूच नये."

"वाटलंच पाहिजे असं मी कधी म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं? तुझ्याकडं बघितलं की कळतं."

त्याच क्षणी सांगायला हवे होते. हेजिनच्या तोंडात वाक्य तयारही होते. पण ते बाहेर काढायचे तर नुसता भुसा सांगून भागणार नव्हते. बेसिनच्या कडेवरची गोळी सांगावी लागणार होती. ती म्हणाली, "घाई करू नकोस." सोयूलने तिचा हात दाबला, कृतज्ञतेने. घरी येईपर्यंत तो हात हेजिनला आपला वाटेना. ज्या मुलीला तिने हात शिकवले, ती आपले हात सोडून निघाली होती. आणि तिच्यात काहीच उणे नव्हते. उणे होते ते पुढच्या रांगेत उभे राहत आले होते.

विधीच्या सकाळी हेजिनने गोळी घेतली. पाण्याच्या दोन घोटांबरोबर ती घशाखाली गेली, आणि ती सुटकेसारखी मुळीच वाटली नाही.

आभाळ स्वच्छ होते. शिळेपुढे पांढरी शेवंती, फळे, वड्या आणि मधोमध पिंजरा. नामगुंग सर काळ्या कोटात आले. पुढल्या वर्षी ते निवृत्त व्हायचे होते. मौन झाले, आणि हेजिन कागद घेऊन मेजापाशी गेली. वारा या वर्षीही मेजावरूनच येत होता. तिने वाचायला सुरुवात केली. शब्द नेहमीचेच होते, पण आवाज स्वच्छ लागला, आणि तो ऐकून तिची तीच दचकली. पहिला परिच्छेद झाला, दुसरा झाला. मागच्या रांगांत रुमालांसाठी खिशात गेलेले हात तिथेच थांबले. पान उलटताना तिची नजर पिंजऱ्यात गेली. इतकी वर्षे पाण्याआडून पाहिलेले ते घरटे तिला प्रथमच नीट दिसले: कागद कुरतडून, मऊ करून, वाटीसारखा गोल रचलेला, आणि काठाला आतून दाबून बसवलेला, जिथे पिल्ले टेकत असतील. तळव्यावर उंदराचे जे वजन पडते ते तिला आठवले. वजन म्हणण्याइतकेही नसते ते. तिचा आवाज किंचित अडखळला. डोळे कोरडेच राहिले. तिने वाचन पुरे केले.

फुले वाहायला रांग लागली तेव्हा मागून दोघींचे बोलणे तिच्या कानावर आले.

"यंदा काहीच नाही बाई."

"यंत्रांशी बोलून बोलून दुसरं काय व्हायचं?"

"नाहीतर पगार वाढला असेल."

जेवणाची नेहमीची जागा म्हणजे टेकडीच्या पायथ्याजवळची ती बसक्या मेजांची खानावळ. जोडे दाराशी काढायचे, आत उबदार जमिनीवर बसायचे आणि सुरीने कापलेल्या जाड शेवयांचे वाफाळते सूप मागवायचे. बाकीचे लोक पलीकडच्या खोलीत बसले. कोपऱ्यातल्या मेजाशी सर, हेजिन आणि सोयूल. सोयूलने रुमालावर चमचे आणि जेवायच्या काड्या मांडल्या, आधी सरांना, मग ताईला पाणी ओतले. तिचे बोट पेल्याच्या कडेवर पुन्हापुन्हा फिरत होते. सांगायची वेळ ती जुळवीत होती.

"आज वाचलंस छान," सर म्हणाले. "दर वर्षी नाक चोंदतं तुझं, शेवटचा परिच्छेद कधी कळलाच नव्हता. बरा आहे की."

"ताई, तू आज रडली नाहीस," सोयूल हळूच म्हणाली. "बरं नाही का?"

"बरं आहे," हेजिन म्हणाली. "गोळी घेतली होती."

"कसली?"

"शिंकांची. मला उंदीर चालत नाहीत. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षापासून." सूप आले होते, वाढणारी बाई जाईपर्यंत ती थांबली. "त्या पहिल्या वर्षी गोळ्या संपल्या होत्या. मी रडत नव्हते. पिंजऱ्याचा वारा लागत होता."

सरांनी काड्या खाली ठेवल्या.

"आणि नंतर?" सोयूलने विचारले. "नंतर दर वर्षी संपायच्या?"

"नाही. असायच्या. घेत नव्हते."

"का?"

"तुम्ही सगळे वाट बघायचात."

पलीकडच्या खोलीत कोणीतरी मोठ्याने हसले. सोयूल हेजिनकडे एकटक बघत होती, बंद भांड्यात काय आहे याचा अंदाज घेतल्यासारखी.

सर म्हणाले, "तू रडलीस, त्या हिवाळ्यात मी पिंजरे कमी केले. जे काम भांड्यात होईल ते उंदरात करायचं नाही, असा नियम केला. सगळे माझ्यावर चिडले होते. मी म्हटलं, हिला वाटतं, तर मला का वाटू नये." त्यांनी सूप ढवळले. "म्हणजे ते नाकासाठी होतं तर."

"सर, नियम बरोबरच होता," हेजिन म्हणाली.

"बरोबर होता. माहीत आहे मला." त्यांचा स्वर चिडका नव्हता, आणि त्यामुळेच तिला वर बघवेना. "कार्ड काढून घेतलं असतं मी तुझं, हेही खरं."

"आणि आताचं काम?" सोयूलने विचारले. "तेही नाकच का?"

"पहिलं वर्ष, हो. तिथं उंदीर नव्हते म्हणून गेले. मग एक दिवस यंत्रानं दिलेलं उत्तर वाचलं आणि घाबरले. तेव्हापासून खरं आहे. पण आधी नव्हतं."

"म्हणजे वाटणं नंतरही येतं."

"माझं तरी नंतर आलं. आणि रडू त्यातही नाही येत. काळजी येते. सगळं दोनदा तपासावंसं वाटतं."

सोयूल खिन्न हसली. "मी सगळं तीनदा तपासते. कक्षातून बाहेर पडले की परत जाऊन दार बघते. मला वाटायचं, मी भित्री आहे." तिने सूप पुढे ओढले, एक घास घेतला. "इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी कमी आहे. आजीला उकरून काढलं मी, रडू यावं म्हणून. स्वतःच्या आजीला."

"सोयूल..."

"थांब." ती सरांकडे वळली. "सर, जेवताना तुम्हाला एक सांगायचं ठरवून आले होते. आता सांगत नाही. सोमवारी कक्षाची पाळी माझीच आहे ना?"

"तुझीच आहे," सर म्हणाले.

"मग झालं."

सूप निवत गेले. हेजिनला ज्याची भीती होती तो संताप आला नाही. आणि जी आशा तिने स्वतःपासूनही लपवली होती, की खरे बोलल्यावर छातीवरचे काहीतरी उतरेल, तीही खरी ठरली नाही. आज प्रथमच मागच्या सगळ्या शरदांची लाज एकदम, कोरड्या डोळ्यांनी, स्पष्ट दिसली.

निघताना सोयूल नेहमीप्रमाणे सर्वांत आधी उठली. थोरांचे जोडे दाराकडे तोंड करून ठेवायची तिची सवय होती. प्रयोगशाळेत आल्या दिवसापासून सरांचे आणि ताईचे जोडे तीच सरळ करी. ती खाली वाकली. सरांचे जोडे तिने उचलून, फिरवून, शेजारी शेजारी ठेवले. मग ती उभी राहिली, कोटाची बटणे लावली आणि दोघांना वाकून नमस्कार केला.

"येते मी, सर," ती म्हणाली. आणि हेजिनकडे न पाहता, "तुम्हीही जपून जा, डॉक्टर प्यो."

दार उघडले, थंड वारा आत आला, दार लागले. सर खांबाला धरून सावकाश जोडे घालीत होते. हेजिन उंबऱ्याशी बसली, हात लांब करून तिने आपले जोडे ओढून घेतले, आणि एकेक करून फिरवले.